मागच्या चाकाचे दोन धनी

स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या चाकातल्या ब्रेकला दोन कामे असतात. धावती गाडी हळू करणे हे पायाचे काम आणि उभी गाडी जागेवर धरून ठेवणे हे हाताचे. गाडीत बदल करायला निघालेल्या हौशी मंडळींचे लक्ष बहुधा पहिल्याच कामावर असते. लालभडक रंगाचा चार पिस्टनचा कॅलिपर येतो, भोके पाडलेली मोठी डिस्क येते, सगळे झोकात बसते, आणि मग मेकॅनिक एक लोंबती केबल हातात धरून विचारतो, ‘हिचं काय करायचं?’ त्या कॅलिपरला केबल अडकवायला कानच नसतो.

मागच्या ब्रेकमधला कोणताही बदल या केबलपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. हँडब्रेक कसा लागणार ते आधी ठरवावे आणि कॅलिपर त्यानंतर निवडावा. प्रत्यक्षात बहुतेक जण उलट्या टोकाने जातात, आणि या विषयातले निम्मे घोळ तिथेच होतात.

ड्रम ब्रेकच्या काळात हा प्रश्नच नव्हता. ड्रमच्या आतले शू तेलाच्या दाबाने फाकवा किंवा केबलने लिव्हर ओढून फाकवा, काम तेच. शिवाय फिरत्या किंवा फिरू पाहणाऱ्या ड्रमला टेकलेला शू घर्षणानेच ड्रमवर आणखी जोरात दाबला जातो, त्यामुळे हाताच्या थोड्या जोरात मोठी पकड मिळते. डिस्क ब्रेकला हा गुण नाही. पॅड जितके दाबाल तितकेच दाबले जातात, फुकट काही मिळत नाही. म्हणून मागच्या चाकांना डिस्क आल्या तेव्हा हँडब्रेक बेघर झाला आणि प्रत्येक कारखान्याने त्याची सोय आपापल्या परीने लावली. १९६१च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मागच्या डिस्क चाकात नसून डिफरन्शियलला लागून होत्या; तिथे मुख्य कॅलिपरच्या जोडीला हँडब्रेकचा वेगळा छोटा कॅलिपर बसवला गेला. पोर्शेने १९६३मध्ये आणलेल्या ३५६ सीमध्ये डिस्कच्या मधल्या टोपीत एक छोटा ड्रम दडवला आणि तीच रचना ९११मध्ये चालू ठेवली. १९६५च्या कॉर्व्हेटमध्ये शेव्हरोलेनेही तोच मार्ग धरला. त्याच पोर्शेच्या ९१४मध्ये मात्र हँडब्रेकची यंत्रणा थेट कॅलिपरच्या पोटात गेली. वेगळा कॅलिपर, टोपीतला ड्रम आणि पोटातली यंत्रणा हे तीन मार्ग तेव्हापासून रुळले आहेत. नंतर भर पडली ती विजेच्या मोटरची, आणि तीही बहुतेक ठिकाणी यांतल्याच एका मार्गावर स्वार होते.

मार्गांकडे वळण्याआधी एक नावडता प्रश्न विचारायला हवा: मागचे ब्रेक मोठे हवेत कशाला? जोरात ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते. किती, हे साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येते. गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.३ मीटर आणि ब्रेकचा जोर ०.९ जी धरला, तर एकूण वजनाच्या सुमारे २० टक्के भार मागून पुढे जातो. डॅटसन २४०झेडसारख्या गाडीत उभ्या स्थितीत वजन पुढे-मागे जवळपास समान असते. म्हणजे जोरदार ब्रेकच्या क्षणी मागच्या दोन्ही चाकांवर मिळून ३० टक्के भार उरतो, आणि तेवढाच ब्रेक ती चाके पेलू शकतात. त्याहून जास्त दिला की ती पुढच्यांच्या आधी लॉक होतात आणि गाडीचे ढुंगण पुढे यायला बघते. पोर्शे ९११चे गणित वेगळे आहे. इंजिन मागच्या धुऱ्याच्याही मागे असल्याने तिचे सुमारे ६० टक्के वजन मागे असते. तेवढाच भार पुढे गेला तरी मागे ४० टक्के राहतो. म्हणून ९११च्या मागच्या चाकांत मोठे कॅलिपर शोभतात आणि कामालाही येतात. समोर इंजिन असलेल्या हलक्या गाडीत ते बरेचदा नुसते शोभतात.

पिस्टनचा आकार तर फसवाच असतो. ३४ मिलिमीटरचा पिस्टन काढून ४० मिलिमीटरचा घातला तर सहाच मिलिमीटर वाढले असे वाटते, पण क्षेत्रफळ ३८ टक्क्यांनी वाढते आणि तेलाच्या त्याच दाबात मागचा ब्रेकही तितकाच वाढतो. पेडलही जास्त खोल जाते, कारण मास्टर सिलिंडरला जास्त तेल ढकलावे लागते. मग मास्टर सिलिंडर मोठा करा, मागच्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व घाला, असे शेपूट वाढत जाते. एबीएस असलेल्या गाडीत तिची आज्ञावली मूळ ब्रेकवर बेतलेली असते, तिलाही हा फेरफार कोणी सांगितलेला नसतो.

आता हँडब्रेकला किती जोर लागतो ते पाहू. युरोपात व इतर अनेक देशांत पाळला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा आर १३-एच हा नियम आणि अमेरिकेतले एफएमव्हीएसएस १३५ हे मानक या दोन्हींत भरलेली गाडी २० टक्के चढावर रोखण्याची अट आहे, आणि हाताचा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा, जास्त लागता कामा नये. २० टक्के म्हणजे पाच मीटरला एक मीटर उंची. पुण्या-मुंबईच्या बहुमजली पार्किंगमधल्या बहुतेक रॅम्पहून अधिक. ११०० किलोची गाडी अशा चढावर उभी केली तर ती सुमारे २,१०० न्यूटन जोराने मागे घरंगळू पाहते. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर प्रत्येक मागच्या चाकाला तीनशेहून अधिक न्यूटन-मीटर पीळ अडवावा लागतो. डिस्कवर पॅड ११ सेंटिमीटरच्या त्रिज्येवर बसत असतील आणि त्यांचा घर्षणांक ०.३५ असेल, तर पॅड दाबायला प्रत्येक चाकात चार हजार न्यूटनहून जास्त, म्हणजे चारशे किलोंहून अधिक जोर हवा. हातातले ४० किलो दोन चाकांत वाटून प्रत्येकी चारशेवर न्यायचे आहेत! गाडीतला लिव्हर, केबल आणि कॅलिपरमधला स्क्रू किंवा उतरत्या खाचांतल्या गोळ्या हा सगळा खटाटोप त्या वाढीसाठी आहे. साखळीतली एक कडी बदलली की पूर्ण हिशेब बदलतो. गॅरेजमध्ये सपाट फरशीवर हँडब्रेक ‘लागतो’ म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

पहिला मार्ग पोटात यंत्रणा असलेल्या कॅलिपरचा. माझ्दाच्या एमएक्स-५मध्ये, म्हणजे मियाटामध्ये, पहिल्या पिढीपासून हीच रचना आहे, आणि या गाडीचे मालक नशीबवान आहेत. सुरुवातीच्या १.६ लिटर गाडीत मागची डिस्क २३१ मिलिमीटरची होती, १.८ लिटर इंजिन आल्यावर ती २५१ झाली आणि पुढे दुसऱ्या पिढीतल्या काही गाड्यांत २७६पर्यंत गेली. जुन्या गाडीला नव्या गाडीचे मागचे ब्रेक बसवले तर हँडब्रेक जागच्या जागी राहतो, कारण सगळे एकाच घराण्यातले आहे. कारखान्याने पुढचे-मागचे प्रमाणही जुळवून दिलेले असते, त्यामुळे पुढचा आणि मागचा संच एकत्रच घ्यावा. घरच्या घरी इतका नीटस सुटणारा प्रश्न दुसऱ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये क्वचितच सापडेल.

या कॅलिपरांची खोड पॅड बदलताना कळते. मियाटात कॅलिपरच्या मागचा एक बोल्ट काढला की आत षटकोनी चावीचे छिद्र मिळते. त्यातून पिस्टन मागे घ्यायचा, नवे पॅड घालायचे, चाक अडेपर्यंत स्क्रू आवळायचा आणि साधारण एक तृतीयांश फेरा सैल सोडायचा. निस्सान, होंडा, फोक्सवॅगनच्या अशाच कॅलिपरांत पिस्टन फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. नेहमीच्या सवयीने शिकंजा लावून तो सरळ दाबला तर आतली स्वतः जुळवून घेणारी यंत्रणा बिघडते, आणि मग हँडब्रेक कितीही ओढला तरी सैलच. ‘कन्व्हर्शन केल्यापासून हँडब्रेक लागत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा कॅलिपर धरणाऱ्या नव्या कंसात नसून असा सरळ दाबून बसवलेल्या पिस्टनात असते.

डॅटसन २४०झेडचा किस्सा मोठा आहे. १९६९ साली आलेल्या या गाडीला पुढे डिस्क आणि मागे बाहेरून पट्ट्या असलेले ॲल्युमिनियमचे ड्रम होते. त्याच घराण्यातल्या पुढच्या २८०झेडएक्सला मागे डिस्क आल्या, तेही हँडब्रेकची यंत्रणा पोटात असलेल्या कॅलिपरसह. मग जुन्या झेडच्या मालकांनी कंस बनवून ते कॅलिपर आपल्या गाडीवर चढवायला सुरुवात केली, आणि पुढे निस्सान २४०एसएक्सचे कॅलिपरही याच वाटेने आले. कागदावर सगळे जुळते. प्रत्यक्षात आधी ड्रमच्या मागचा पत्रा काढायला स्टब ॲक्सल बाहेर काढावा लागतो, आणि पन्नास वर्षे जागेवर बसलेला तो ॲक्सल सहजासहजी येत नाही. मग केबलचे टोक आणि कॅलिपरच्या लिव्हरचा कान जुळत नाहीत, म्हणून मध्ये फोर्क आणि पिन घालावी लागते. केबल कोणत्या कोनात ओढते हेही बघावे लागते. कोन चुकला तर ओढीचा बराचसा भाग लिव्हर फिरवण्याऐवजी त्याला आडवा वाकवण्यात जातो. सस्पेन्शन वर-खाली होताना केबल ताणली तर चालत्या गाडीत ब्रेक घासू लागतो. चाक जॅकवर पूर्ण लोंबते असताना आणि गाडीचे वजन त्यावर असताना, असे दोन्ही वेळा हे तपासावे लागते. बहुतेक जण फक्त पहिले तपासतात.

याच गाडीत आणखी एक छुपी मेख आहे. ड्रम ब्रेकच्या नळीत थोडा दाब सतत टिकवणारा व्हॉल्व असतो, साधारण १० पीएसआयचा, म्हणजे शू फार मागे जात नाहीत. डिस्कला तो चालत नाही, कारण तेवढ्या दाबानेही पॅड डिस्कला टेकून राहतात आणि तापतात. जुन्या झेडच्या मास्टर सिलिंडरमध्ये मागच्या बाजूचा हा व्हॉल्व असतो. तो न काढता डिस्क बसवल्या की काही किलोमीटरांतच जळका वास येतो. आणि एवढे करून मिळते काय? माझा हिशेब सांगतो की रस्त्यावरच्या झेडला फारसे काही नाही. नीट जुळवलेले ड्रम तीस टक्क्यांचे काम आरामात करतात, आणि त्यांचा हँडब्रेक डिस्कच्या हँडब्रेकहून घट्ट बसतो. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्याला, किंवा पावसात ड्रममध्ये पाणी शिरण्याला कंटाळलेल्याला डिस्क हवीशी वाटणे मात्र मला समजते.

पोर्शे ९१४च्या मालकांना या मार्गाची जास्त कटू फळे मिळाली. तिच्या मागच्या कॅलिपरमध्ये पॅड आणि डिस्क यांतली ०.२ मिलिमीटरची फट स्वतः स्क्रूने जुळवावी लागते. ती नीट जुळली नाही तर पेडल मऊ लागते आणि हँडब्रेक नुसता नावाला राहतो. कंटाळून कित्येकांनी ९११चे कॅलिपर बसवले. ९११चा हँडब्रेक ड्रममध्ये असतो, कॅलिपरमध्ये नाही, त्यामुळे ब्रेक सुधारला आणि हँडब्रेक गेला. यात दोष ९११च्या कॅलिपरचा नाही. हँडब्रेक कुठे राहतो हे न विचारता केलेल्या अदलाबदलीचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा मार्ग टोपीतल्या ड्रमचा, आणि बदल करणाऱ्याला सर्वांत जास्त मोकळीक हाच देतो. हँडब्रेक डिस्कच्या पोटात सुखाने असतो, बाहेर कॅलिपर कोणताही लावा. ९११मध्ये हा ड्रम १८० मिलिमीटरचा असतो. ९११ कॅरेराला ९११ टर्बोचे मोठे लाल कॅलिपर लावणारे याच जोरावर लावतात. अट एकच: नव्या डिस्कच्या टोपीचा आतला व्यास आणि खोली मूळ शूंना जुळली पाहिजे. दोन तुकड्यांच्या हलक्या डिस्कांत टोपी ॲल्युमिनियमची असते, आणि शू ॲल्युमिनियमवर घासून चालत नाहीत, म्हणून आत लोखंडी कडे हवे. काही स्वस्त डिस्कांत ते नसते आणि विक्रेता त्याचा उल्लेखही करत नाही.

पण ड्रम आधीपासून नसेल तर हा मार्ग लांबचा पडतो. निस्सानच्या ३००झेडएक्सचे (झेड३२) ॲल्युमिनियमचे मागचे कॅलिपर २४०एसएक्सवर बसवणाऱ्यांना हे लवकर कळते. कॅलिपर बसतो, पण २४०एसएक्सचा हँडब्रेक तिच्या जुन्या कॅलिपरमध्ये होता, तो आता कचऱ्यात. मग ३००झेडएक्सचे शू, त्यांचा पत्रा आणि केबल, सगळे मागवा आणि पत्रा बसायला जागा करा. सुबारूत ड्रम असतो, पण १७० आणि १९० मिलिमीटर अशा दोन मापांचा. एका गाडीची डिस्क दुसरीच्या शूंवर चढवली तर एक तर ती चढत नाही, किंवा चढते आणि शू तिला टेकतच नाहीत.

टोपीतल्या ड्रमचा खरा शत्रू गंज आहे. हे शू चालत्या गाडीला कधीच थांबवत नाहीत, त्यामुळे घासून स्वच्छही होत नाहीत. जुन्या कॉर्व्हेटमध्ये त्यांच्या स्प्रिंगा आणि लिव्हर गंजून निकामी होत, म्हणून स्टेनलेस स्टीलचे संच बाजारात आले. त्यात तिची डिस्क हबला रिव्हेट मारून बसवलेली, त्यामुळे आत हात घालणेही कष्टाचे. मोठा कॅलिपर बसवताना डिस्क उतरलेलीच असते. ते शू तेव्हाच बदलावेत, खर्च जवळपास काहीच नाही.

तिसरा मार्ग, डिस्कवर हँडब्रेकचा वेगळा कॅलिपर. विलवूडसारख्या कंपन्या केबलने चालणारे छोटे कॅलिपर विकतात आणि घरी बांधलेल्या गाड्यांत ते खूप दिसतात. मला हे कॅलिपर देखणे वाटतात, पण त्यांच्यावर भरवसा कमी वाटतो. पॅड लहान असतात, कित्येक नमुन्यांत घासलेली जागा हाताने जुळवावी लागते, आणि एका डिस्कवर दोन कॅलिपर बसवायला चाकाच्या आत जागा मिळणे हीच मारामारी असते. जॅग्वारने ई-टाइपच्या छोट्या कॅलिपरमध्ये स्वतः जुळवून घेणारी यंत्रणा दिली होती, पण गाडीच्या पोटाखाली, डिफरन्शियलच्या शेजारी तिची निगा कोण राखणार? केबलचा लिव्हर वरून वळवता येत असेल आणि मालक दर काही महिन्यांनी फट तपासणार असेल, तरच हा मार्ग धरावा.

विजेचा हँडब्रेक सर्वांत नवा. २००१च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत तो मोटरने केबल ओढण्याच्या रूपात आला, २०११च्या ९११मध्येही आतले शू तेच राहिले आणि फक्त हात मोटरचा झाला. आता मोटर थेट कॅलिपरवरच बसते. २०१७च्या अल्पाइन ए११०साठी ब्रेम्बोने मुख्य मागच्या कॅलिपरमध्येच ती सामावली. त्यामुळे वेगळा कॅलिपर वाचून सुमारे अडीच किलो वजन कमी झाल्याचे कंपनी सांगते. जुन्या गाडीवर कारखान्याचा असा कॅलिपर चढवणे यांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, कारण केबलच नाही. पण मोटरने किती आवळायचे, कधी थांबायचे, बॅटरी उतरली तर काय, हे ठरवणारा संगणक मूळ गाडीत होता, तुमच्या गाडीत नाही. एक बटण आणि दोन रिले लावून हे काम भागवणारे पाहिले की मला चिंता वाटते.

काही उपाय हँडब्रेकच नाहीत, तरी त्या नावाने खपतात. मागच्या नळीतला दाब कोंडून ठेवणारा लाइन लॉक हा त्यातला एक. सीलमधून थेंबभर तेल झिरपले किंवा तेल थंड होऊन आकसले की दाब उतरतो आणि गाडी चालू लागते. म्हणूनच आर १३-एच नियम सांगतो की लावलेला पार्किंग ब्रेक निव्वळ यांत्रिक साधनाने धरला गेला पाहिजे. ड्रिफ्टिंगमधला उभा हायड्रॉलिक लिव्हर वळणात मागची चाके क्षणभर लॉक करायला आहे, गाडी उभी ठेवायला नाही. गिअरमध्ये टाकून ठेवणे ही जोडीची सवय म्हणून उत्तम, पण पर्याय म्हणून नाही.

कॅलिपरला हात न लावताही हँडब्रेक बिघडवता येतो, नुसते पॅड बदलून. ट्रॅकचे पॅड तापल्यावर जबरदस्त धरतात, पण थंड असताना कित्येकांचा घर्षणांक घसरतो. वरच्या हिशेबात ०.३५च्या जागी ०.२५ घातला तर चार हजार न्यूटनच्या जागी साडेपाच हजारांहून अधिक लागतात, आणि हँडब्रेक तर नेमका थंड गाडीतच ओढला जातो. टोपीत ड्रम असलेल्या गाड्यांना हा त्रास नाही, त्यांचे शू वेगळेच असतात. उष्णतेचा दुसराही एक खेळ आहे. ट्रॅकवरून येऊन तापल्या डिस्कवर हँडब्रेक ओढला आणि गाडी उतारावर सोडली, तर डिस्क व पॅड थंड होऊन आकसतात आणि आवळ सैल पडतो. नव्या विजेच्या हँडब्रेकमध्ये काही वेळाने पुन्हा आवळण्याची सोय यासाठीच असते. केबलच्या गाडीत ती सोय म्हणजे आपण स्वतः.

कायद्याचे देशोदेशी वेगळे रूप आहे. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत दोन परिपथांचे ब्रेक असलेल्या गाडीच्या पार्किंग ब्रेकला किमान १६ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते, त्यामुळे हँडब्रेक काढून टाकलेली गाडी ती तपासणी पार करूच शकत नाही. जर्मनीत बदललेल्या ब्रेकला कागदोपत्री मान्यता लागते, नसेल तर ती गाडी तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासून घ्यावी लागते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून गाडी दूर नेणारा बदल करता येत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचले. त्यामुळे इथल्या शौकिनाने हा खटाटोप कोइंबतूरच्या कारी किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकपुरत्या गाडीत करावा हे बरे. रस्त्यावरच्या गाडीत चांगले पॅड, ताजे ब्रेक ऑइल आणि नीट जुळवलेला मूळ हँडब्रेक एवढ्यावर भागवावे.

ट्रॅकच्या गाडीतही हँडब्रेक जुळवताना क्रम पाळावा. केबल पूर्ण सैल सोडून आधी चाकातली जुळवणी, मग लिव्हरजवळची. उलट केले तर केबल वरून ताणून आतली ढिलाई झाकली जाते, आणि स्वतः जुळवून घेणारी यंत्रणा कायमची अडकते. नंतर गाडी खऱ्या चढावर, एकदा तोंड वर करून आणि एकदा खाली करून उभी करावी, चाकाच्या उताराकडच्या बाजूला लाकडी ओंडका अंतर ठेवून टाकावा, आणि पाय ब्रेकवरून सावकाश काढावा.